म्हशीच्या पिकअपला नवा गिअरबॉक्स

तवा तिथं कोन कोन हुतं ते आधी सांगते, म्हंजी मागून कुनी म्हनायला नको की मी तर तिथं न्हवतोच. मी, गयाबाई. माझी धाकटी सून मंगल, जिची गाडी. माझा थोरला ल्योक बबन, ज्याला ती गाडी आपली वाटती. आमच्या वस्तीवरचा नामा ट्रॅक्टरवाला. नगरचा शकील मिस्त्री आन त्याची आई हुरमतबी. आन म्हशी. म्हशींची नावं लिवत न्हाई, त्या काय हे वाचायच्या न्हाईत. बाकीचे वाचतील. बबन तर जितं त्याचं नाव हाय तेवढंच वाचील.

पाथर्डीच्या खालच्या आमच्या अंगाला बाया नगरला जात्यात त्या दवाखान्यात, न्हाईतर कोर्टात. ऊसतोडीला लांब लांब जात्यात, पन तितं पाचटाशिवाय काय दिसत न्हाई. मी मात्र गाडीचं आतडं बदलायला गेल्ते. असं काम घिऊन गेलेली म्हातारी आमच्या वस्तीत दुसरी न्हाई, म्हनून सांगते.

आधी गाडीचं सांगाया पायजे. माझा धाकटा वारला. त्याच्या मागं मंगल एकटी फडावर गेली, आन तितं तिचा डावा पाय उसाच्या बैलगाडीच्या चाकाखाली आला. पाय हाय, पन घोटा वळत न्हाई. साध्या गाडीचा क्लच दाबायचा म्हंजी घोटा पायजे. म्हनून तिनं ही जुनी पिकअप घेतली, ऑटोमॅटिक गिअरची. पुन्याच्या एका सायबानं ती डोंगर चढायला घेतली हुती म्हनं, पन त्याला डोंगर काय सापडला न्हाई. हिला दोनच पायडल. उजव्या पायानं पळवायची, उजव्याच पायानं थांबवायची. डावा पाय नुसता बसून ऱ्हातो, घरातल्या बाप्यावानी.

मंगल म्हशी वाहती. हिच्या गाडीला हिसका बसत न्हाई. गिअर आतल्या आत, तेलातल्या तेलात बदलतो. गाभन म्हैस मागं उभी केली तर रवंथ करत जाती, आन उतरताना खाली बघून इचार करती की आली का जागा. पंचक्रोशीतले लोक म्हनत्यात, जनावर नाजूक असंल तर मंगलची गाडी बोलवा.

बबनला हे पटत न्हाई. तो म्हनायचा, “क्लच न्हाई, गिअर न्हाई, ती काय गाडी हाय का? मिक्सर हाय मिक्सर. साधा गिअर बसवून टाका.”

तो का म्हनायचा ते मला म्हायती. मी त्याला निस्ती कोळून प्याले न्हाई, मी त्याला इयाले. साधा गिअर बसला की मंगलला गाडी चालवता येत न्हाई. मंगलला न्हाई आली की बबनला येती. मग मंगलनं काय करायचं? कोयता धरायला दोन पाय लागत्यात. बबनच्या बायकोच्या हाताखाली भाकरी थापायच्या आन ती वाढील तेवढं खायचं. माझंबी तेच. तवा तुमी गिअरबॉक्स म्हना, मी आमचं पोट म्हनते.

करंजीचा घाट

दोन म्हशी भिंगारच्या गवळ्याला पोचवायच्या हुत्या. मी मंगलच्या शेजारी बसले, कारन म्हशींना माझ्या खाकरायची सवय हाय. करंजी सोडून घाट लागला. अर्ध्यात गेलो आन इंजिन वरडायला लागलं, गाडी मात्र जागेवर. जसं आमच्या गावचा पुढारी. मंगलनं ब्रेक दाबला, मी उतरून चाकामागं धोंडा लावला.

“आत्या, तेल तापलंय,” ती म्हनली. आमच्यात सासूला आत्या म्हनत्यात. “घडीभर थंड हू द्या. मग हळूहळू निघल.”

पन आपल्याकडं बाईची गाडी बंद पडली की मानसं कुठनं उगवत्यात ते धरतीलाबी म्हायती नसतं. तहसिलात सात-बारा मागायला जा, एक मानूस जागेवर सापडत न्हाई. आन त्या उजाड घाटात, जितं बाभळीला सावली न्हाई, तितं घटकेत जत्रा भरली. एकानं बॉनेट उघडलं. दुसऱ्यानं ते बघून मान हालवली. तिसरा म्हनला, “ताई, बाजूला व्हा, धक्का मारून चालू करू.”

मंगल म्हनली, “दादा, ही धक्क्यानं चालू हुत न्हाई. ऑटोमॅटिक हाय. आन बंद कुठं पडलीय? थंड करायलीय.”

“समद्या गाड्या धक्क्यानं चालू हुत्यात,” तो म्हनला, आन समद्यांनी जोर लावला. म्हशी मागून त्यांच्याकडं बघत हुत्या. चढाला, दोन म्हशी भरलेली गाडी धक्का मारून वर न्यायची म्हनं. एकाचं धोतर फाटलं, तवा थांबले.

तेवढ्यात बबन मोटारसायकलीवर आला. त्याला कुनी फोन केला ते देव जाने, चांगली बातमी त्याच्यापातूर कदी एवढ्या बिगीनं गेली न्हाई. मागनं नामाचा ट्रॅक्टर, तो तिसगावला बी टाकायला आल्ता. नामाच्या ट्रॅक्टरवर सीट नसंल, लाईट नसंल, पन जाड सोल कायम असतो. नामाचं सगळं नाव त्या दोरावर हाय. कुनाची गाडी अडकली की नामा सोल बांधतो, ओढतो, चहा पितो आन साल दोन सालं ते सांगत फिरतो.

“दादा, ओढू नका,” मंगल बबनला म्हनली. “मिस्त्रीला फोन लावते, रेंज येऊ द्या.”

“रेंज येस्तवर रात हुईल,” बबन म्हनला. “नामा, बांध रे.”

आधी म्हशी उतरवल्या. भिंगारकडं जानाऱ्या एकाबरूबर निरोप दिला, तवा गवळ्यानं त्याचा टेम्पो धाडला. टेम्पो आला तसा धडधडत, ठनानत. म्हशींनी त्याला नखापासून बघितलं आन पाठ फिरवली. मंगलच्या गाडीची सवय लागलेली जनावरं ती, त्यांनी काय असल्यात बसावं? मंगल लंगडत पुढं झाली, एकीच्या कानात काय बोलली, तवा कुठं चढल्या. तिला इचारलं काय बोललीस, तर म्हनली, “आज चालवून घ्या म्हनलं.”

मग नामानं आमाला ओढत नगरला नेलं. मी पिकअपमधी बसले हुते. मेहेकरीच्या पुढं एक वास आला, करपलेल्या दुधावानी, पन गोड न्हाई. मंगलच्या तोंडाकडं बघितलं, ती स्टेरिंग धरून पुढच्या दोराकडं बघत हुती. चांदबिबीचा म्हाल डोंगरावर दिसला. लोक म्हनत्यात लांबून लई छान दिसतो. मला तवा काय छान दिसलं न्हाई. पुढं नामा ट्रॅक्टरवर मागं वळून वळून बघत हुता आन हसत हुता. रस्त्यानं दिसंल त्याला हात करत हुता. नवरदेव नसंल मिरवला असा.

नगर

शकील मिस्त्रीचं दुकान म्हंजी वर पत्रा, खाली तेल. दाराला पाटी हाय, तिच्यावर गाडीला सलाईन लावल्याचं चित्र. लोक त्याला डॉक्टर म्हनत्यात, आन तो नको म्हनत न्हाई. बोलायला लागला की पुन्या-मुंबईपातूर त्याच्यासारखा हात न्हाई. आमी गेलो तवा तो सोताचा पाना शोधत हुता, तो त्याच्याच खिशात हुता.

गाडीखाली गेला, तेल बोटावर घेतलं, वास घेतला. आन भाहीर येऊन इचारलं, “हिला दोर लावून कुनी आनलं?”

“मी,” नामा म्हनला. छाती भाहीर.

“कुठनं?”

“घाटातनं. एकदा बी थांबलो न्हाई.”

“शाब्बास,” शकील म्हनला. “घाटात ती निस्ती दमली हुती. तुमी तिला मारून आनली.”

मग त्यानं सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. ह्या गिअरबॉक्समधी कलिंगडायेवढा एक गोळा असतो, त्यात तेल फिरतं. तेल फिरवतं इंजिन. इंजिन बंद, आन मागची चाकं रस्त्यावर फिरत्यात, तर आतलं समदं कोरडं एकमेकावर घासतं. जात्यात दाना टाकायचा न्हाई आन जातं फिरवत ऱ्हायचं. पीठ पडतंच, पन ते दगडाचं पडतं. अशी गाडी न्यायची तर आख्खी उचलून दुसऱ्या गाडीवर ठिवून न्यायची.

नामा म्हनला, “मला कुठं म्हायती? मी तर मदत केली.”

मंगल म्हनली, “व्हय.” तेवढंच. तिला शिव्या येत न्हाईत असं न्हाई. फडावर शिकलीय ती.

शकील म्हनला, हाच गिअरबॉक्स परत भरला तरी म्हशी वढनार न्हाई. हा सायबासाठी केलेला. ह्याच कंपनीची मोठी गाडी असती, तिचा गिअरबॉक्स जाड हाय, ऑटोमॅटिकच हाय, म्हशी काय, हत्ती नेईल. तो गावायला पायजे.

“गावायचं कशाला?” बबन म्हनला. “साधा बसव. साधा कुठंबी मिळतो. कुनालाबी चालवता येतो.”

“मला येत न्हाई,” मंगल म्हनली.

“तुला कशाला येया पायजे? मी हाय की.”

ती मिस्त्रीकडं वळली. मग म्हनली, “मिस्त्री, मोठाच बघा. ऑटोमॅटिकच.”

बबननं समद्यांपुढं सांगितलं, “बसवा. पन ही शेवटची येळ. दोन म्हशी भरून घाट चढून दाखवायचा. त्यात परत बंद पडली तर साधा गिअर बसंल आन गाडी मी चालवीन. हाय कबूल?”

गाडी मंगलच्या नावची. पन म्हशीचा गोठा, येनारं गिऱ्हाईक, घराची कवाडं समदी बबनच्या हातात. ती म्हनली, “कबूल.” मला कुनी इचारलं न्हाई. मला इचारायची पद्धत आमच्यात न्हाई, म्हातारीला निस्तं जेवली का इचारत्यात.

नामा गावाला परत गेला. आमी तिघं ऱ्हायलो. दुकानाच्या मागंच शकीलचं घर. त्याची आई हुरमतबी माझ्याच वयाची, गुडघ्यानं माझ्याहून वाईट. तिनं इचारलं, “गयाबाई, आमच्या हातचं चालतं का तुमाला?”

मी म्हनलं, “बाई, मी फडावर ज्या टाकीचं पानी प्याले त्यात बैलबी प्यायचा. तुझ्या हाताला काय झालंय?”

तिनं खिचडी केली आन संगट चिंचेचं आंबट कालवन. आमच्याकडं खिचडी आजाऱ्याला घालत्यात, तितं पाव्हन्याला. तिनं माझी बाजरीची भाकरी आन ठेचा मागून घेतला. ठेचा खाल्ला आन बराच येळ डोळ्याला पदर लावून बसली. म्हनली, “तुमी ह्याच्यावर जगता?” मी म्हनलं, “ह्याच्यावर जगलो म्हनून कुनी मारू शकलं न्हाई.”

बबन माळकरी. तो म्हनला, मी इथलं पानीबी घेनार न्हाई. स्टँडकडं जाऊन शुद्ध शाकाहारी पाटी बघून मिसळ खाऊन आला. ती मिसळ शुद्ध हुती का न्हाई म्हायती न्हाई, पन सकाळपातूर तिनं बबनला शुद्ध केलं. हुरमतबीच्या घरचं पानी त्याला चालत न्हवतं. संडास मात्र चालला. दिस उगवस्तवर तोच त्यात. मग हुरमतबीनं डाळिंबाची साल उकळून दिली. तीबी चालली. मी निस्ती बघत बसले. बघायला पैसं पडत न्हाईत.

तिच्यातलं आन आमच्यातलं येगळं काय म्हनाल, तर तिचा ल्योक तिचं ऐकतो. शकील लाख डॉक्टर असंल, पन आईनं हाक मारली की पाना ठिवून येतो. ती म्हनायची, “माझा शकील कुनाच्या गाडीला ‘उद्या’ म्हनला की समजायचं परवा. ‘परवा’ म्हनला तर दुसरी गाडी घ्यायची.”

सोनईकडं

शेवटी खबर लागली. सोनईच्या अलीकडं एका बागाईतदाराच्या पोरानं ती मोठी गाडी उसात घातली हुती. ऊस वाचला, गाडी गेली. शकीलच्या टेम्पोत बसून आमी निघालो, बबनबी आला, पोट धरून.

घोडेगाव मागं टाकलं आन मी बघतच ऱ्हायले. समदं हिरवं. पाट वाहतोय आन त्याच्याकडं कुनी बघतबी न्हाई. आमच्याकडं टँकर आला तर लहान पोरं त्याच्या मागं पळत्यात. हितं मानसं पान्यासाठी भांडत न्हाईत, सोसायटीच्या चेअरमनकीसाठी भांडत्यात. तब्येती चांगल्या असल्यावर भांडनंबी चांगली हुत्यात. ज्या उसात आमची हाडं गेली तो ऊस हितं रस्त्याकडंला नवऱ्या मुलीवानी उभा. मी त्याला ओळख दिली न्हाई.

बागाईतदार पांढऱ्या कपड्यात, बोटात अंगठ्या, बोलनं गोड. बबनला खुर्ची दिली, शकीलला खुर्ची दिली. मंगलकडं बघून म्हनला, “ह्या कोन?”

“गाडी ह्यांची,” शकील म्हनला.

“चालवतं कोन?”

“मीच,” मंगल म्हनली.

तो हसला. “ताई, आमच्या पोराला झेपली न्हाई. तुमी चालवनार?”

“तुमच्या पोराचा पाय लई चांगला आसंल,” मंगल म्हनली. “म्हनून दाबला आसंल.”

त्याच्या बायकूनं आतून चहा आनला, तिच्या तोंडावर पदर हुता पन खांदे हालत हुते.

सौदा झाला. शकीलनं दिवसभर गिअरबॉक्स खोलला. तो जमिनीवर आला तवा डुकरायेवढा दिसत हुता. टेम्पोत टाकायची तयारी झाली आन मंगल म्हनली, “मिस्त्री, ह्याची ती पत्र्याची डबी कुठंय? गिअर कवा बदलायचा ते ठरवती ती. तुमीच सांगितलं हुतं की डबीबिगर हा मुका हाय.”

शकीलनं कपाळाला हात लावला. डॉक्टर मेंदू विसरला हुता.

बागाईतदार म्हनला, “ती डबी सौद्यात न्हवती. ती दुसऱ्यानं मागितलीय. तुमी एवढं उचला आन जावा.”

बबन म्हनला, “चला, ऱ्हाऊ द्या. साधाच बसवू.” लई लगेच म्हनला.

मंगल बोलत ऱ्हायली, शकील बोलत ऱ्हायला, बागाईतदार मोबाईलवर बोलत ऱ्हायला. मला बोलता येत न्हाई. मी गेले आन त्या गिअरबॉक्सवर बसले. तेलकट हुता, लुगडं गेलं ते गेलं. बसनं मला येतं. टँकरच्या रांगेत बसले, मुकादमाच्या दारात बसले, दवाखान्याच्या पायरीवर बसले. आमच्या पिढीला तेवढंच शिकवलं, पन ते नीट शिकवलं.

“आजी, उठा,” बागाईतदार म्हनला.

“डबी आली की उठते.”

“आवो, ऊन हाय.”

“आमच्याकडं ह्याला सावली म्हनत्यात.”

त्यानं बबनला सांगितलं, तुमच्या आईला उठवा. बबननं माझ्याकडं बघितलं आन त्याला परत पोटात कळ आली, तो उसाकडं गेला. मग आतनं बागाईतदाराची बायकू आली. तिच्या हातात डबी, वायरींसकट. नवऱ्याकडं न बघता तिनं ती मंगलच्या हातात दिली. मला म्हनली, “आजी, जेवून जावा.” पिठलं-भाकरी खाल्ली. पिठल्यात त्यांनी साखर टाकली हुती. एवढा ऊस असल्यावर मानूस कुठं कुठं साखर टाकील सांगता येत न्हाई.

परत नगर

बसवायला लई दिवस गेले, मी मोजले न्हाईत. नवा गिअरबॉक्स जुन्याहून लांब. खालची आडवी पट्टी आडवी यायची, ती कापून पुढं नवी जोडली. मागच्या चाकाकडं जानारा दांडा लांब पडला, तो लेथवाल्याकडून आखूड करून आनला. तेल थंड करायला पुढं एक येगळी जाळी बसवली, म्हंजी घाटात पुन्हा तापायला नको. शकील गाडीखालून मोबाईलवर कुना दुसऱ्या मिस्त्रीला इचारायचा, आन भाहीर आला की म्हनायचा, मला आधीच म्हायती हुतं.

पहिल्यांदा चालू केली तर गल्लीच्या कोपऱ्यापातूर गेली आन मागं तेलाची लाल रेघ. नळी घट्ट केली न्हवती. शकील म्हनला, “नळी कंपनीचीच खराब.” हुरमतबी दारातून म्हनली, “आन हात कुठल्या कंपनीचा?” तो परत खाली गेला.

निघताना त्यानं मंगलला समदं सांगितलं. ओढायची न्हाई. धक्का न्हाई. आन गिअरचा दांडा पुढं, उभं करायच्या खुनेवर असंल तरच चावीनं गाडी चालू हुईल. मी शेजारी उभी हुते, मीबी ऐकलं. बबनबी उभा हुता, तो त्याच्या मोबाईलवर बघत हुता.

हुरमतबीनं माझ्या पदरात खारी बांधली. मी तिला ठेचा ठिवला. ती म्हनली, “हा कुनाला मारायला वापरू?” मी म्हनलं, “गिऱ्हाईक बघून.”

पुन्हा तोच घाट

गवळ्याकडनं दोन भाकड म्हशी आमच्याकडं चरायला न्यायच्या हुत्या, त्याच परीक्षेला घेतल्या. घाट उतरून करंजीला गेलो, बबन मागं मोटारसायकलीवर. तितनं मंगलनं गाडी फिरवली, घाट चढायला. खाली नामा ट्रॅक्टर घिऊन आल्ता. सोल संगट. कुनी बोलवलं न्हवतं, पन त्याचा जीव ऱ्हायना. तोबी मागं मागं आला.

गाडी चढली. काय सांगू, पाव्हनं जेवून उठत्यात तशी चढली, सावकाश, ढेकर देत. आवाज न्हाई, वास न्हाई. जितं मागच्या येळेला थांबलो हुतो तितं माझा धोंडा अजून पडल्याला. मी त्याला बघितलं, मंगलनंबी बघितलं. मागं म्हैस रवंथ करत हुती. वर माथ्याला मंगलनं गाडी उभी केली आन म्हशींसाठी पानी बघायला बादली घिऊन धाब्याकडं गेली, लंगडत, पन भरभर. चावी गाडीलाच हुती.

बबन म्हनला, “मी जरा बघतो.” बसला तिच्या जागेवर. माथ्याला रेंज येती, मोबाईल वर धरून वस्तीवरच्या मंडळींना व्हिडिओवर दाखवत हुता, “बघा, चढवली का न्हाई?” चढवली म्हनं. दांडा हिकडं वढला, तिकडं वढला, गाडी वीतभर पुढं गेली, घाबरून ब्रेक दाबला आन चावी बंद केली. मग परत चावी फिरवली. काय न्हाई. परत फिरवली. काय न्हाई.

तो खाली उतरला. त्याचं तोंड मी बघितलं. वरनं काळजी हुती. खालनं काय हुतं ते आईला दिसतं.

“झाली बंद,” तो म्हनला. “मी सांगतच हुतो. नामा, आन सोल.”

मानसं जमलीच. मला वाटतं काय लोक त्या घाटातच ऱ्हात्यात, दगडाखाली. एकानं बॉनेट उघडलं. एकानं मान हालवली. नामानं सोल सोडला आन पुढच्या हुकाला गाठ मारायला वाकला. ती गाठ बसली असती तर गिअरबॉक्सबी गेला असता आन आमीबी.

दोराचं मधलं वेटोळं रस्त्यावर पडल्यालं. मी जाऊन त्याच्यावर बसले.

“काकू, उठा की,” नामा म्हनला. “मदत करतोय.”

“मागल्या येळेला केली तेवढी पुरं. ती अजून फिटली न्हाई.”

“आई, लोक बघत्यात,” बबन म्हनला.

“बघू दे. त्यांचं काम तेच हाय.”

“गाडी बंद हाय, तुला कळत न्हाई.”

“मला न्हाई कळत. जिला कळतं ती पानी आनायला गेलीय. ती आल्यावर वढा. ती म्हनली वढा, तर मीबी धक्का मारीन.”

एक जन म्हनला, म्हातारीला उचलून बाजूला ठिवा. कुनी पुढं आलं न्हाई. आईला उचलायची तर तिच्या लेकानं, आन लेकाचा हात मोबाईलमधी अडकला हुता, वस्तीवरचे समदे त्यातनं बघत हुते. रस्ता तापला हुता. माझी हाडं काय आता नव्यानं भाजायची न्हाईत. मी खारी काढली आन खात बसले.

मंगल आली. बादली ठिवली. माझ्याकडं बघितलं, दोराकडं बघितलं, बबनकडं बघितलं. कुनालाच काय इचारलं न्हाई. दार उघडून बसली, दांडा पुढं सारला, चावी फिरवली. गाडी चालू झाली.

एकानं बॉनेट हळूच खाली केलं. म्हैस तेवढी वरडली, तिला पानी पायजे हुतं.

बबन म्हनला, “मी तेच म्हनत हुतो, दांडा बघा म्हनून.”

मंगल म्हनली, “व्हय दादा. परीक्षा झाली न्हवं?”

मोबाईलमधनं वस्तीवरचं कोनतरी बोललं, “झाली की, आमी बघितली.” बबननं तो खिशात घातला. नामानं दोर गोळा केला. मी उठल्याबिगर त्याला तो मिळनार न्हवता, तवा त्यानंच हात धरून मला उठवलं. म्हनला, “काकू, चुकलं.” मी त्याला खारी दिली. तो वाईट न्हाई, त्याच्याकडं दोर हाय एवढंच.

आता गाडी मंगलच चालवती. म्हशी रवंथ करत जात्यात. बबन गिऱ्हाईकांना सांगतो की ऑटोमॅटिकबिगर म्हैस न्यायचीच न्हाई, ती कल्पना त्याची. सांगू दे. भाकरी मी माझ्या चुलीवर थापते.

हे ज्यांनी वाचलं त्यांना एकच मागनं हाय. पाथर्डी-नगर रस्त्याला पांढरी पिकअप थांबलेली दिसली, मागं म्हशी असल्या आन चालवनारी लंगडत असली, तर तुमीबी थांबा. म्हशींना पानी दाखवा, तिला सावलीला बसू द्या, आन काय पायजे ते तिलाच इचारा. दोर बांधू नका.